मस्ट, शुड आणि वस्तरा

“मान वर करा, महाराज!”

सुभाना न्हाव्याने रोजच्यासारखंच सांगितलं आणि तांबुळगडचे महाराज तोंडाला साबणाचा फेस तसाच ठेवून ताडकन उभे राहिले.

“करा? मला ‘करा’ म्हणतोस? अरे, हे तर मस्ट झालं!”

त्याचं असं झालं होतं. महाराजांना इंग्रजी शिकवायला पुण्याहून हर्षे मास्तर आले होते. महाराजांना इंग्रजी फारसं आलं नाही, पण ‘मस्ट’ हा शब्द मात्र फार आवडला. “मस्ट म्हणजे करायलाच हवं, ऐकणाऱ्याला दुसरी वाटच नाही,” असं मास्तरांनी सांगितलं तेव्हा महाराजांना वाटलं, हा शब्द साहेबाने आपल्यासाठीच घडवला! त्या दिवसापासून हत्तीने मस्ट आंघोळ करायची, आचाऱ्याने मस्ट पुरणपोळ्या लाटायच्या. दिवाणखान्याच्या दारावर, अगदी छताजवळ, सोनेरी अक्षरांत ‘मस्ट’ अशी पाटीच लागली. आणि हा शब्द वापरायचा हक्क अख्ख्या संस्थानात एकट्या महाराजांचा!

“उद्या माझी दाढी करायची,” महाराज गरजले, “पण मला एकही हुकूम सोडायचा नाही. ‘मान वर’ नाही, ‘गाल फुगवा’ नाही, ‘हलू नका’ नाही! खुणेनेसुद्धा नाही! आणि आमच्या मिशीला धक्का लागला किंवा गालावर ओरखडा दिसला, तर तुझं वाड्यातलं काम गेलं. राहतं घरही गेलं. यू मस्ट!”

एवढं बोलून महाराज अर्ध्या दाढीनिशीच दरबारात गेले. दिवसभर सगळे मानकरी त्यांच्या उजव्या गालाकडे पाहून बोलत होते.

संध्याकाळी सुभाना वस्तऱ्या-कात्रीची धोकटी पुढ्यात घेऊन बसला. “गोजरे, कुठला गाल कधी ताणायचा ते माणसाला काय कळतं? सांगावंच लागतं. न सांगता दाढी फक्त मेलेल्याची होते.”

“आबा, हे तेवढं महाराजांसमोर बोलू नका,” गोजरा म्हणाली.

गोजरा ही त्याची लेक. रोज त्याच्याबरोबर गरम पाणी आणि आरसा घेऊन वाड्यावर जायची. बोलायची कमी, बघायची जास्त. आत्ताही ती आरसा पुसत होती आणि दिवसभर कानांवर आदळणारा तो शब्द सहज पुटपुटत होती. मस्ट. आरशात तिची हनुवटी घट्ट ताणली गेली. तिने पुन्हा म्हणून पाहिलं. मग मास्तरांच्या तोंडून ऐकलेले आणखी दोन शब्द म्हटले आणि एकटीच हसत सुटली.

“आबा, उद्या तुम्ही गप्प राहा. बोलायचं मी बघते.”

सकाळी महाराज दिवाणखान्यातल्या खुर्चीत मुद्दाम मान छातीत रुतवून बसले. सुभानाचा वस्तरा हवेतच थांबला. हर्षे मास्तर बाजूला उभे राहून बघत होते.

“महाराज,” गोजराने हळूच विचारलं, “ती दारावरची सोनेरी पाटी आपणच लावलीत? काय लिहिलंय तिच्यावर?”

“मीच!” महाराजांनी अभिमानाने वर पाहिलं. मान आपोआप वर गेली. वस्तरा गळ्यावरून सर्रकन उतरला. “मस्ट!”

“मठ?”

“मठ काय, पोरी! ओठ मीट आणि म्हण, म्म्म्म...”

हनुवटी तुकतुकीत झाली.

“आणि शुड म्हणजे काय हो?”

“केलेलं बरं, एवढंच. मास्तर म्हणतात, महाराज, यू शुड व्यायाम. ऐकतो कोण?”

मास्तर खोकले.

“ते ‘शु’ मला जमतच नाही,” गोजरा म्हणाली.

“जमेल! शूऽऽऽ!” महाराजांनी तोंडाचा चंबू केला, गाल आत ओढले गेले आणि डावा गाल साफ झाला. गोजरा आरसा घेऊन दुसऱ्या बाजूला सरकली. शिकवणाऱ्याचं तोंड शिकणारीच्या मागे वळलं.

“आणि हॅव टू?”

“त्यात कुणाचा हुकूम नसतो. प्रसंगच करायला लावतो! छत गळायला लागलं की राजालाही पलंग हलवावा लागतो. म्हण, हॅऽऽऽ!” जबडा उघडला, उजवा गाल ताणला गेला आणि तोही साफ झाला.

आता राहिली फक्त मिशीची कड. वस्तरा तिथे टेकला आणि नेमकं तेव्हाच महाराजांचं लक्ष आरशाकडे गेलं. गुळगुळीत गाल दिसले आणि सगळा उलगडा झाला.

“अगं लबाडे! माझ्याच तोंडून...” हसण्याने त्यांचं पोट गदागदा हलू लागलं.

“हलू नका, महाराज!” सुभाना ओरडला.

महाराज जागच्या जागी थिजले आणि दातांतल्या दातांत बोलले, “सुभाना. हे मस्ट झालं.”

गोजराने आरसा खाली घेतला.

“नाही, महाराज. मस्ट आपलंच आहे, त्याला कुणी हात लावला नाही. हे हॅव टू होतं! त्यात कुणाचा हुकूम नसतो, आपणच आत्ता शिकवलंत. हे आबा नाही बोलले, महाराज. वस्तरा बोलला!”

महाराजांना हसू असं आलं की आवरेना, आणि वस्तरा मिशीला टेकलेला! डोळ्यांतून पाणी वाहतंय, कान लाल झालेत, पण महाराज पुतळ्यासारखे बसून. सुभानाने कड नीट कोरली, वस्तरा बाजूला घेतला, आणि मग मात्र जे हसणं फुटलं ते पार हत्तीखान्यापर्यंत ऐकू गेलं.

“घर तुमचं, काम तुमचं!” महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराच्या हाती ठेवलं. “आणि उद्यापासून मास्तरांकडे माझ्याबरोबर तूही शिकायला बसायचं. यू मस्ट!”

सुभानाने तुरटी ओली केली. घसा खाकरला. एकदा लेकीकडे पाहिलं.

“मान वर करा, महाराज!”

महाराजांनी हसत हसत मान वर केली.