मूठभर कणीक

फार वर्षांपूर्वी एका नगरात एक बाग होती आणि बागेच्या मधोमध एक तळं. बाग साऱ्या गावाची. सुट्टीच्या दिवशी लोक डबे बांधून यायचे, मुलं होडीत बसायला भांडायची, म्हातारी माणसं पायऱ्यांवर गप्पा मारत बसायची. तळ्याची काळजी घ्यायला एक राखणदार होता. तो आणि त्याची बायको काठावरच्या खोपटात राहायचे.

बायको रोज पोळ्या करताना मूठभर कणीक बाजूला काढायची, ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या वळायची आणि माशांना घालायची. फाटक्या शेपटीचा एक मासा तर थेट तिच्या बोटांशी यायचा. मूलबाळ नव्हतं, तेवढाच तिचा विरंगुळा.

पुढे ती आजारी पडली आणि गेली. राखणदार तिच्या नावानं रोज कणीक घालू लागला. फाटक्या शेपटीचा मासा पहिल्यांदा त्याच्या हाताशी आला, त्या दिवशी तो पायरीवर बसून हमसून हमसून रडला.

लोकांनी हे पाहिलं. गेलेलं माणूस कुणाच्या घरात नसतं? कुणी वडिलांच्या नावानं कणीक आणू लागलं, कुणी बहिणीच्या. बघता बघता मुठीच्या वाट्या झाल्या आणि वाट्यांच्या पराती.

"फार चांगली वाट दाखवलीत हो," लोक म्हणायचे. राखणदार मान खाली घालायचा, पण ऐकायला त्याला गोड वाटायचं.

उन्हाळा लागला. पाणी हिरवं पडलं, त्याला आंबूस वास येऊ लागला. एके सकाळी होडीवाला त्याच्याकडे आला. त्याचं सारं आयुष्य पाण्यावर गेलेलं.

"दादा, मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात ते भुकेनं नव्हे. त्यांचा जीव घुसमटतोय. तळाशी सगळी कणीक कुजलीय. आजच्या आज बंद करा, तुमचीसुद्धा."

"माझ्या मूठभर कणकेनं काय होणार आहे?"

"प्रत्येकाची मूठभरच असते, दादा."

राखणदाराला ते पटलं. त्यानं पाटी रंगवली: 'माशांना काहीही घालू नये.' ती पायरीशी ठोकायला गेला, तर एक आजी वाटी घेऊन चाचपडत येत होती. तिला धड दिसतही नव्हतं.

"माझ्या लेकाच्या नावाची आहे रे बाबा. आज महिना झाला त्याला जाऊन."

राखणदारानं उगारलेला हातोडा खाली घेतला. "घाला, आजी," तो म्हणाला.

मग त्याला आठवलं, बायकोचं वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं होतं. त्या दिवशी तिच्या माशांना उपाशी कसं ठेवायचं? तेवढं होऊ दे, मग लावू पाटी. खोपटात नेऊन त्यानं ती भिंतीकडे तोंड करून ठेवली.

ते आठही दिवस आभाळ कोंदलेलं होतं. पान हलत नव्हतं. श्राद्धाच्या दिवशी उजाडताच तो कणीक घेऊन निघाला आणि पायऱ्यांवर थबकला. सारं तळं पांढरं झालं होतं. मासे पोट वर करून तरंगत होते. फाटक्या शेपटीचा मासा शेवटच्या पायरीला लागला होता.

त्यानं तो ओंजळीत घेतला. बायको दुसऱ्यांदा गेली, असं त्याला वाटलं.

थोड्या वेळानं आजी आली. सवयीनं पायऱ्या उतरली आणि तिनं गोळ्या टाकल्या. त्या मेलेल्या माशांच्या पोटांवर पडल्या आणि तिथेच राहिल्या.

"आज पाणी वाजत नाही रे," ती म्हणाली. "मासे जेवायला आले नाहीत का?"

"आजी, आता नका टाकू," राखणदार म्हणाला. हे त्यानं आठ दिवसांपूर्वी म्हणायला हवं होतं.

तात्पर्य: आपल्या मनाच्या समाधानासाठी दिलेला घास समोरच्याच्या जिवावर उठत असेल, तर हात त्याच दिवशी आवरावा, आधी स्वतःचा.