कोरे हात

एकदा एका नदीकाठी एक वृद्ध रंगारी राहत असे. मंजिष्ठेच्या मुळांपासून तो असा लाल रंग काढी, की लग्नाची कापडं घेऊन व्यापारी चार-चार दिवसांची वाट तुडवत त्याच्याकडे येत. सकाळी कढईची वाफ आणि नदीवरचं धुकं एकमेकांत मिसळलं, की तो काठ जमिनीवर आहे की ढगात, हेच कळत नसे.

या रंगाचं एक पथ्य होतं. आच हाताला सोसेल एवढीच हवी. उकळी फुटली की लाल रंग मातकट होतो, मग ब्रह्मदेव आला तरी तो परत यायचा नाही. म्हणून कढईवर बसणाऱ्याने घडोघडी आपला हात बुडवून आच पाहायची. दुसरं माप नाही.

त्या दिवशी कढईवर शिष्य बसला होता. पंचविशीचा, चांगला हुशार गडी. पण समोर धुक्यातून बगळे उतरत होते. एक उतरला, मग आणखी एक, आणि पाहता पाहता याचं मन त्यांच्यामागे निघून गेलं. आपण कोण, कुठे बसलो आहोत, कशाचाच ठाव राहिला नाही. भानावर आला तेव्हा कढई खदखदत होती, आणि कापड धुणारी भिवरा कोपरापर्यंत हात घालून आतला तागा बाहेर ओढत होती.

नेमका त्याच वेळी त्या कापडाचा व्यापारी वृद्धासोबत येऊन ठेपला. समोर मातकट पडलेलं कापड, आणि भिवराचे लालभडक हात!

"रंगेहाथ सापडलीस, बये!" तो गरजला. "माझ्या लेकीच्या लग्नाचं कापड होतं ते! आबा, हिला आजच्या आज घालवा. नाहीतर तुमच्या दारात एक व्यापारी फिरकू देणार नाही."

भिवराला ना नवरा, ना शेत. हे काम गेलं की चूल बंद. ती शिष्याकडे पाहत राहिली आणि शिष्य जमिनीकडे. अहो, गप्प बसायला काय लागतं? काहीच लागत नाही, म्हणून तर आपण सगळे बसतो.

वृद्धाने तांब्याभर पाणी आणलं. सगळ्यांना वाटलं, भिवरासाठीच असणार. पण तो शिष्यापुढे जाऊन उभा राहिला.

"हात धू."

शिष्य गोंधळला. "आबा, माझे हात तर स्वच्छच आहेत."

"म्हणूनच सांगतो, धू." वृद्धाचा आवाज चढला नाही. "सकाळपासून कढईवर तू होतास. आच पाहिली असतीस तर एव्हाना हे हात लाल झाले असते." मग तो व्यापाऱ्याकडे वळला. "शेठ, रंगेहाथ पकडा, जरूर पकडा. पण हात कशाने रंगले, ते आधी विचारा. आग लावणारा पुष्कळदा लांब उभा असतो, आणि काळा होतो तो विझवणारा. या पोरीच्या हातांची लाली निम्मी रंगाची आहे. निम्मी भाजल्याची."

इंग्रज लोकसुद्धा चोराला लाल हातांनीच, 'रेड-हँडेड' पकडतात म्हणे. म्हणजे ही घाई सगळ्या जगाचीच आहे.

शिष्य पुढे आला. "शेठ," तो कसाबसा म्हणाला, "बगळे बघत बसलो होतो मी. कापड माझ्यामुळे गेलं. ही वाचवायला धावली. घालवायचं तर मला घालवा."

धुकं हळूहळू विरत होतं. मग व्यापारी भिवरापुढे खाली बसला आणि त्याने तिचे हात पहिल्यांदा नीट पाहिले.

"फार भाजलं का गं, पोरी?"

एवढे आरोप झाले तरी भिवराच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता मात्र ती ढसाढसा रडली.