सात गावांचा दोरा

एका राज्यात सात गावं होती, नि सातही गावं दगड झालेली. राजा वज्रकेतूनं दारी आलेल्या मांत्रिकाला घोटभर पाणी नाकारलं, त्याचा हा शाप.

"हा सोन्याचा घडा बारा वर्षांनी एकदा भरेल," मांत्रिक म्हणाला. "एकट्या माणसानं सातही गावांवर पाणी शिंपडावं, दिवस बुडायच्या आत घडा परत आणावा. तरच दगड जागे होतील."

राजाची वाटमोजी होती गोमती. कुठून कुठं किती पावलं, सगळं तिला तोंडपाठ. तिची सात वर्षांची लेक केवडी मामाच्या गावी होती. "सकाळी न्यायला येते गं," असं सांगून गोमती निघालेली. त्याच सांजेला शाप लागला.

बारा वर्षांनी घडा भरला. गोमती निघाली. जवळचं आधी, मग त्याच्या जवळचं. सहा गावं झाली. लांबचं, केवडीचं, तेवढं उरलं नि दिवस बुडाला. सहाही गावं तशीच दगड राहिली.

आणखी बारा वर्षं गेली. या खेपेला जिवाचं आधी. केवडीची पापणी हलली! पण दोन गावं राहिली. पापणी पुन्हा दगड.

राजा म्हणाला, "गोमती, आता दुसरं कुणी बघू?"

"दुसऱ्या कुणाची लेक आहे तिथं, महाराज?"

माळावर सात गावांचे सात खडे मांडून ती त्यांच्यामधून वाटेचा दोरा फिरवत बसे. एक टिटवी म्हणाली, "बाई, तुझा दोरा स्वतःलाच ओलांडतो. जिथं ओलांडतो तिथं दिवस गळतो."

गोमतीनं एक फुली सोडवली. दुसरीकडे नवी पडली. तीही सोडवली. अशी बारा वर्षं सोडवत राहिली. केस कापसासारखे झाले, तेव्हा कुठं दोरा मोकळा गोल पडला.

तिसऱ्यांदा घडा भरला. आता केवडीचं गाव वाटेत चौथं होतं. गोमतीनं पाणी शिंपडलं नि मान खाली घालून पुढं निघाली. थांबली नाही. दिवस बुडता बुडता घडा राजापुढं ठेवला.

सकाळी ती केवडीच्या दाराशी गेली. पोर गाठोडं घेऊन उंबऱ्यात उभी. तीच, सात वर्षांची.

"आजी, माझी आई न्यायला यायचीय. वाटेत दिसली का हो?"

गोमतीनं गाठोडं उचललं. "दिसली, बाळा. चल, वाट मला ठाऊक आहे."

सातही गावांत चुली पेटल्या, राजाला त्याचं राज्य मिळालं. पोर तेवढी म्हातारीचं बोट धरून चालताना सारखी मागं वळून बघत होती.