खाच तेवढी ठेवून जा

माझे मालक, म्हणजे घरधनी, सुतार. शेवटच्या आजारपणात त्यांच्या हातून देशमुखांच्या देव्हाऱ्याच्या खांबाला भलत्याच बाजूला खाच पडली. "ही चूक तुझी, ने घरी!" देशमुख चारचौघांत ओरडले.

खांब आमच्या घरी आला आणि थोड्याच दिवसांत मालक वारले. मी एकटीच त्यांची लाकूड कोरायची पटाशी धरायला शिकले, खांबाला बूड जोडलं आणि खाचेत पणती ठेवली. गाव बघायला लोटला. देशमुखही आले.

"सारजे, सागवान माझं. हा दिवा माझ्या घरी पोचव."

"न्या की, देशमुख! सागवान तुमचंच. पण खाच आमच्या मालकांची, तुम्हीच त्यांना दिलेली. तेवढी इथं ठेवून जा."

लोक हसले. देशमुख आल्या पावली परतले.

त्या खाचेत मालकांच्या पटाशीचे ओरखडे आहेत. पणती लावण्याआधी त्यांवरून बोट फिरवते. पुन्हा असंच चुकायला तरी त्यांनी यावं.