गोड्या विहिरीवरचे शब्द

फार जुनी गोष्ट, दर्या आजच्याहून थोडा मागे होता तेव्हाची. एका राज्याच्या टोकाला मिठागरं होती आणि मिठागरांच्या कडेला पन्नास झोपड्यांचं गाव. चहूकडे खारं पाणी. गावात गोड पाण्याची विहीर एकच. गाव त्या विहिरीला देवापेक्षा जपायचं. कारण देव रुसला तर नवस बोलता येतो, विहीर रुसली तर काय बोलणार?

त्या राज्याच्या दरबारात तेव्हा इंग्रजीची चलती होती. राजाला ती येत होती, प्रधानाला येते असं प्रधान म्हणायचा, आणि उरलेल्यांसाठी एक दुभाष्या ठेवला होता. हा दुभाष्या त्याच मिठागरांतला. चांगुणा नावाच्या म्हातारीने त्याला लहानपणी कडेवर घेऊन बांध तुडवले होते, म्हणून तो तिला आत्या म्हणे. डोक्यावर पागोटं आलं तरी आत्याच म्हणे; एवढं मात्र त्याचं खरं.

एकदा राजाचे पाहुणे आले, त्या विहिरीचं पाणी प्याले आणि खूश झाले. राजाने हुकूम काढला: विहिरीभोवती बाग करा, बागेला भिंत घाला. दुभाष्याने गाव गोळा करून सांगितलं की ही पब्लिकची बाग होणार.

"पब्लिक म्हणजे कोण रे?" चांगुणाने विचारलं.

"ज्यांना ना हुद्दा, ना पदवी, असे सगळे. म्हणजे तुम्हीच, आत्या."

"आणि तू?"

तो हसला. "मी दुभाष्या."

आपलीच बाग म्हटल्यावर गाव कशाला मागे राहतं? मीठ ओढायचं सोडून माणसांनी महिनाभर फुकट दगड वाहिले. चांगुणाच्या सुनेला सातवा लागला होता, तिनेही मातीच्या पाट्या टाकल्या.

भिंत झाली, दार बसलं, दाराशी पहारेकरी आला. चांगुणा घागर घेऊन गेली तर त्याने भाला आडवा धरला. मी पब्लिक आहे, असं तिने ठसक्यात सांगितलं. पहारेकऱ्याने चोपडी उघडली. तिचं नाव लेबरच्या पानावर निघालं. तिने दुभाष्याला गाठलं, तेव्हा तो म्हणाला, लेबर म्हणजे राबणारे. ते आत कामाला येतात, पाण्याला नाही. पब्लिक म्हणजे संध्याकाळी बागेत फिरायला येतात ते.

"पण गेल्या महिन्यात तर आम्हीच पब्लिक होतो."

"गेल्या महिन्यात भिंत बांधायची होती, आत्या."

कुठल्याही वाण्याला विचारा, तो सांगेल. गूळ तोच असतो. ढेपेवरची चिठ्ठी बदलली की एकीचा नैवेद्य होतो, दुसरी बैलापुढे जाते. आणि ती चिठ्ठी काही गूळ स्वतः लिहीत नाही.

दुसरी विहीर दोन कोसांवर. सुनेचे दिवस भरत आले, तशी चांगुणा घरोघर फिरली. तिचं म्हणणं साधं होतं: एकेकट्याचं नाव चोपडीत सापडतं; सगळेच गेलो तर कुठल्या पानावर लिहितील? दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव रिकाम्या घागरी घेऊन दाराशी उभं राहिलं. कुणी आवाज चढवला नाही. कुणी दगड उचलला नाही; दगड सगळे भिंतीत गेले होते.

प्रधानाने बागेच्या दारावरच्या सज्ज्यातून खाली पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला: मॉब.

शिपायांना तो समजावून सांगावा लागला नाही. घागरी फुटल्या, डोकी फुटली. कपाळाला पदर दाबून चांगुणाने दुभाष्याला विचारलं, आता याचा अर्थ काय?

त्याने नजर वळवली. "याचा अर्थ विचारायचा नसतो, आत्या. घरी जा."

घरात धड अशी एकच घागर उरली होती. सासू तापाने फणफणलेली, म्हणून सून ती घेऊन दोन कोस गेली आणि परतताना बांधावरच अडली. पाणी सांडलं. मूल जन्मलं, पण रडलं नाही.

वर्ष फिरलं. दर्यापलीकडून नवा दुभाष्या आला आणि जुन्याचं पागोटं उतरलं. भर उन्हात चालत तो बागेच्या दाराशी आला, घोटभर पाणी मागू लागला. पहारेकऱ्याने चोपडी चाळली. पब्लिकमध्ये नाव नाही, लेबरमध्ये नाही, आणि एकट्या माणसाचा मॉब काही होईना. तेव्हा त्याने वर जाऊन विचारलं, खाली येऊन कोरं पान काढलं आणि लिहिलं: कॉमन.

जुन्या दुभाष्याला त्या शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही; भाला आडवा आलाच होता.

तो चांगुणाच्या उंबऱ्याशी येऊन बसला. सुनेने त्याला पाहिलं आणि आत निघून गेली. चांगुणाने दोन कोसांवरून आणलेल्या पाण्याचा अर्धा तांब्या त्याच्यापुढे ठेवला.

"आत्या, आज त्यांनी मला..."

"पी. शब्द सांगू नकोस," ती म्हणाली. "अर्थ आम्ही बांधावर पुरून आलोय."

भिंत अजून उभी आहे, आणि आतल्या विहिरीचं पाणी अजून गोड आहे म्हणतात. लहानांनी आणि थोरांनी एवढंच गाठीशी बांधावं: आपल्याला कुठलं नाव द्यायचं हे ज्याच्या हाती असतं, आपलं पाणीही त्याच्याच हाती असतं.