मराठीत सर्वप्रथम

"आणि त्याच्या मागनं?" बुवांनी विचारलं.

"त्याच्या मागनं पुढची आवृत्ती, बुवा. दिवाळीच्या सुमारास."

"आणि तिच्या मागनं?"

"तिच्या पुढची."

"आणि..."

"ते येतच राहतं, बुवा. थांबत नाही. तीच तर गंमत आहे."

निवृत्ती बुवांनी मान डोलावली. ही गंमत आहे हे त्यांना पटलेलं दिसलं. उत्कर्षला बरं वाटलं आणि तो पुन्हा फोनमध्ये शिरला.

सांबरवाडी खोलगटात वसलेली. गावात फोनला रेंज म्हणून नाही. ती यायची वर टेकडीवर, विठोबाच्या देवळाच्या कट्ट्यावर, तीही फक्त पिंपळाकडच्या कोपऱ्यात. म्हणून शेवाळ्यांचा उत्कर्ष रोज दुपारी देवळाची वाट धरायचा आणि गावाला वाटायचं, पोरगं देवाला लागलं. त्याच्या आईला तर हे सांगताना भरून यायचं. उत्कर्षनं कोणाचाही गैरसमज दूर करायची तसदी घेतली नव्हती.

देवळाचं सगळं बघणाऱ्या बुवांचा गैरसमज मुळातच नव्हता. हा कोपरा सोडून पोरगं गाभाऱ्याकडे फिरकत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यांनी त्याला कधी हटकलं नाही. उलट रोज तो आला की हातातलं काम टाकून त्याच्याजवळ येऊन बसायचे आणि विचारायचे, काय नवीन?

मग काय विचारता. उत्कर्ष सुटायचा. कुठल्या कंपनीनं कॅमेरा सुधारला, कुठल्या फोनची बॅटरी अपडेटनंतर लवकर उतरायला लागली, कुठला नवा बदल चाचणीला निघाला, सगळं एका दमात सांगायचा. फर्मवेअर म्हणजे फोनला फोनपण देणारी आतली सगळी व्यवस्था. ते नवं आलं की फोन तोच, हात तोच, पण आत सगळं ताजं. उत्कर्षच्या अंगात वारं शिरायचं अशा वेळी. त्याला त्याचं मनापासून वेड होतं आणि त्याची त्याला लाज नव्हती.

बुवा कौतुकानं ऐकायचे. एकदा म्हणालेसुद्धा, तू आवृत्तीवाला आणि मी निवृत्ती, आपलं बरं जमतंय.

शेवटी मात्र ते नेहमी एकच विचारायचे. सांजेच्या भजनाला उभा राहशील का?

त्यालाही कारण होतं. भजनाला टाळकरी समोरासमोर दोन ओळींत उभे राहत. बाबू आप्पांचे गुडघे गेल्यापासून उजव्या ओळीत मधली एक जागा रिकामी होती. टाळकऱ्यांनी सरकून ती भरून काढायचा प्रयत्न केला, तर बुवांनी सरकू दिलं नाही. आप्पांचे टाळही खांबावरच्या खुंटीला तसेच अडकवून ठेवलेले.

उत्कर्षचं उत्तर ठरलेलं असे. "हे झालं की, बुवा."

हे म्हणजे कधी डाउनलोड, कधी व्हिडिओ, कधी परदेशात चालू असलेला एखादा सोहळा. ते झालं की दुसरं सुरू व्हायचं. टाळकऱ्यांनी त्याचं नावच 'झालंकी' पाडलं होतं. आले का झालंकी, बसले का झालंकी. उत्कर्ष हसण्यावारी न्यायचा. ज्यांना फोनमधला काळवेळ कळत नाही त्यांच्या बोलण्याचं वाईट काय वाटून घ्यायचं, असं त्याचं मत होतं.

त्याचा तोरा अगदीच पोकळ नव्हता. मोबाइलच्या बातम्या देणारा त्याचा एक चॅनल होता आणि त्यावर तो इतरांच्या आधी बातमी द्यायचा. खोटी कधी दिली नव्हती. पुण्यातल्या एका संकेतस्थळाच्या संपादक मॅडमनी त्याला हेरलं होतं. त्यांना माणूस घ्यायचा होता. एक उत्कर्ष आणि एक नाशिकचा मुलगा, अशा दोघांत निवड होती. मॅडमनी सरळ सांगितलं होतं की आता येऊ घातलेल्या मोठ्या आवृत्तीचं फर्मवेअर खऱ्या फोनवर चालताना जो मराठीत आधी दाखवेल, तो आमचा.

आणि आज दुपारी ती फाइल आली होती.

कंपनीकडून रीतसर यायला अजून वेळ होता. ही आधीच बाहेर फुटलेली होती, परदेशातल्या एका इंटरनेटवरच्या मंचावर कोणीतरी टाकलेली. उत्कर्षला ती कट्ट्यावर दिसली आणि दिसताक्षणी बाकीचं सगळं पुसलं गेलं. लोकांच्या प्रतिक्रिया त्यानं वाचल्या. चालतंय, म्हणत होते. मस्त चालतंय.

"आज निराळं दिसतंय काहीतरी," बुवा म्हणाले.

"आज निराळंच आहे, बुवा."

त्यानं त्यांना सगळं सांगितलं. पुणं, मॅडम, नाशिकचा मुलगा. बुवा उपरणं सावरून पार त्याला खेटून बसले आणि पडद्यावरची पट्टी बघायला लागले. पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. वारा आला की रेंज हलायची, पट्टी अडायची आणि दोघंही श्वास रोखून धरायचे. पुन्हा सरकली की बुवा हळूच मांडीवर थाप मारायचे. पखवाज वाजवणारा विष्णू तेवढ्यात वर आला, त्याला बुवांनी तोंडावर बोट ठेवून गप्प केलं.

फाइल उतरेपर्यंत उत्कर्षनं व्हिडिओवर लावायचं चित्र तयार केलं. पिवळीजर्द अक्षरं, जाड. 'मराठीत सर्वप्रथम.' ते करण्यात तो इतका रमला की मंचावरच्या त्या पानाचा खालचा भाग त्यानं वाचलाच नाही. वर मॉडेलचा क्रमांक होता, तो त्याच्याच फोनचा वाटला. तेवढं त्याला पुरे झालं.

पट्टी भरली.

पडद्यावर इंग्रजीत एक पाटी आली. बुवांनी विचारलं, काय लिहिलंय?

"काही नाही, बुवा. फाइल आपल्याच फोनची आहे ना, खात्री करा म्हणतात. नेहमीचं असतं. कोणी वाचत नाही."

"बरं..."

त्यानं बटण दाबलं.

पहिला टप्पा गेला. दुसरा गेला. अक्षरं भराभर खालून वर चढत होती आणि उत्कर्ष ती पुटपुटत वाचत होता. फोन गरम झाला. मग एकदम पडदा काळा पडला आणि काळ्यातून कंपनीचं चिन्ह उगवलं. उत्कर्ष ताडकन उभा राहिला. त्याच्याबरोबर बुवाही उभे राहिले, या वयात, गुडघ्यावर हात न टेकता. विष्णूही पुढे वाकला. त्या क्षणी सांबरवाडीच्या टेकडीवर उत्कर्षइतका सुखी माणूस नव्हता.

चिन्ह उजळलं.

चिन्ह तसंच राहिलं.

मग विझलं...

त्यानं बटण दाबून धरलं. सोडलं. पुन्हा धरलं. दोन बटणं एकदम दाबली, तिन्ही दाबली. पिशवीतून पॉवर बँक काढून वायर लावली. साधा दिवाही लागेना. फोन हळूहळू गार होत गेला.

आणि तेव्हा त्याला तो क्रमांक आठवला. सगळे आकडे त्याच्याच फोनचे. शेवटचं अक्षर तेवढं वेगळं. ते अक्षर दुसऱ्या देशात विकल्या जाणाऱ्या फोनचं होतं. हे इतरांना बजावून सांगणारा व्हिडिओ त्यानं स्वतःच मागे केला होता, बोट नाचवून नाचवून.

उत्कर्ष मटकन खाली बसला. आपण रडतोय हे त्याला हातावर पाणी पडल्यावर कळलं. पुण्याची नोकरी गेली याचं दुःख तर होतंच. पण त्याहून चमत्कारिक काहीतरी आत चाललं होतं. नाशिकच्या मुलानं टाकलं का, मॅडमनी काय म्हटलं, जगात या घडीला नवीन काय आलं, यातलं काहीही त्याला आता समजणार नव्हतं. असा तो कित्येक वर्षांत बसलाच नव्हता.

ऊन उतरलं. खालून टाळकरी येऊ लागले. पाय धुतले, एकमेकांना नमस्कार केले, आणि रोजच्यासारखे गाभाऱ्यासमोर दोन ओळींत उभे राहिले. डावी ओळ भरली. उजवीत मधली जागा रिकामी राहिली. समोर विठोबा. सांबरवाडीचा विठोबा चणीनं लहान, हातभर उंचीचा, पण घडवणाऱ्यानं त्याच्या पायाखालची वीट मात्र चांगली ऐसपैस घडवलेली. गावात नव्यानं आलेला माणूस मूर्तीआधी वीट बघतो.

बुवा अजून उत्कर्षपाशीच होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

उत्कर्षनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कोणाला कळलं नाही.

"नवीन आलं का न्हाई?"

"गेलं, बुवा. फोन गेला."

"गेला कुठं? हातात तर हाय."

"हातात आहे. पण... वीट झाली त्याची."

बुवांचा उपरण्यावरचा हात थांबला.

"काय झाली म्हणलास?"

"वीट. आमच्यात तसं म्हणतात, बुवा." उत्कर्षनं नाक पुसलं. "चुकीचं फर्मवेअर घातलं आणि फोन कायमचा बंद पडला, की त्याची वीट झाली म्हणतात. बोलत नाही, दाखवत नाही, कशालाच लागत नाही. नुसती वीट."

विष्णूनं पखवाजाला लावायला घेतलेली कणीक हातातच राहिली. ओळीतले लोक इकडं बघायला लागले.

बुवांनी फोनकडे पाहिलं. मग मान वळवून गाभाऱ्याकडे पाहिलं. पुन्हा फोनकडे. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही उजळत गेलं, की उत्कर्ष आपलं रडं विसरून बघत राहिला. हा चेहरा त्याच्या ओळखीचा होता. मोठी बातमी पहिल्यांदा हाती लागली की माणूस असा दिसतो. स्वतःच्या व्हिडिओत त्यानं तो कितीदा पाहिला होता.

"बघू," बुवा म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

उत्कर्षला वाटलं, आता हे दरीत भिरकावणार. तरी त्यानं दिला. बुवांनी तो उपरण्याच्या टोकानं पुसला, पुढून पुसला, मागून पुसला. दोन्ही तळव्यांवर धरून ते दोन ओळींच्या मधून चालत गेले. उजव्या ओळीतल्या रिकाम्या जागेपाशी थांबले. वाकले. फोन फरशीवर ठेवला. किंचित तिरका झाला होता, तो बोटानं सरळ केला, देवाकडे तोंड करून.

मग खांबावरच्या खुंटीचे आप्पांचे टाळ काढले आणि कोपऱ्यात परत येऊन उत्कर्षच्या हातात दिले.

टाळ जड होते. उत्कर्षला घाई सुटली. तो भडाभडा बोलायला लागला. कराडला एक जण आहे, तो असले मेलेले फोन उठवतो. शेवटची एसटी अजून गेली नसेल. कोणाचा दुसरा फोन मिळाला तर रातोरात व्हिडिओ होईल. नाशिकच्या मुलाचं कदाचित अजून झालंही नसेल. मॅडमना समजावून सांगता येईल.

"मी उद्या उभा राहतो, बुवा. शप्पथ. एवढं निस्तरून झालं की..."

त्याचं त्यालाच ऐकू गेलं. तो थांबला.

ओळीतलं कोणी हसलं नाही. झालंकी म्हणून कोणी हाकही मारली नाही. विष्णूनं कणीक लावून तळहातानं थापली आणि वाट बघत राहिला. खाली गावातून उत्कर्षच्या आईनं गुरांना मारलेली हाक वरपर्यंत आली. फरशीवर तो काळा तुकडा पडून होता, आणि त्याच्यामागे बरोबर एका माणसाची जागा.

"बुवा..."

बुवा आपल्या जागी जाऊन उभे राहिले होते. वीणा गळ्यात घालत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते उजळलेपण अजून होतं.

"वीट झाली म्हणतोस न्हवं?" ते म्हणाले. "मग उभा राहा."