अर्धी बैठक

“वस्ताद, ज्याला धापर्यंत मोजता येत न्हाई, त्याला बी उदासी येती व्हय?”

संग्रामने हे हसतच विचारलं. कासम वस्ताद अंगणात बाजेवर बसून गुडघ्यांना तेल चोळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कुणाचं म्हणतोस?”

“आपल्या सदूचं. डॉक्टर म्हनला, मनानं खचलाय. गोळ्या दिल्यात, आन् म्हनला, ह्याला जरा हलवा. म्हटलं, खचायला मन तरी...”

वाक्य त्याने तिथेच सोडलं. संग्राम म्हणजे जिल्ह्यात नाव असलेला पैलवान. दारातून आधी त्याची छाती आत यायची, मग तो. पाच महिन्यांपूर्वी वस्तादांचे गुडघे गेले, तेव्हा त्यांनी तालमीची किल्ली याच्या हाती दिली होती. तेव्हापासून वस्ताद अंगणाबाहेर पडले नव्हते.

सदू सव्वीस वर्षांचा. गाव त्याला खुळा सदू म्हणायचं. गावाचं शहाणपण उतूच चाललं होतं ना! नऊ वर्षं तो रोज सकाळी तालमीत यायचा, कुस्तीच्या हौद्यातली लाल माती उकरायचा आणि मग बैठका मारायचा. त्याआधी तो घरात भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा. तालमीत यायला लागला आणि ते थांबलं.

त्याला मोजता यायचं नाही, म्हणून वस्ताद स्वतः समोर उभे राहून म्हणायचे, “बस... ऊठ. बस... ऊठ.” त्यांनी म्हटल्याशिवाय सदू खाली जायचा नाही आणि वरही यायचा नाही. एकदा कुणी हाक मारली म्हणून वस्ताद मध्येच बाहेर गेले. परत येऊन बघतात तर सदू तसाच खाली, मांड्या थरथरतायत, डोळे दाराकडे लागलेले.

“तू काय केलंस त्याचं?” वस्तादांनी विचारलं.

“म्या? काय बी न्हाई. हाकललं सुदिक न्हाई. स्पर्धा तोंडावर हुती, वस्ताद. त्याच्यापुढं बस-ऊठ करत कोण हुबं ऱ्हानार? चांगल्या मनानं सांगितलं, सदू, तू आता बस.”

“मग?”

“मग बसला. रोज येतो, पायरीवर बसतो, सांजच्याला आई येऊन नेती. कुणाला तरास न्हाई.” संग्रामचा आवाज जरा खाली आला. “आता बोलत न्हाई. जेवत न्हाई. आन् आई म्हनती, परत भिंतीवर डोकं...”

वस्तादांचा हात गुडघ्यावर थांबला.

“बस म्हणालास.”

“व्हय.”

“आन् ऊठ?”

वस्तादांनी काठी घेतली. तालीम चार घरं पलीकडे, पण तिथवर जायला त्यांना अर्धा तास लागला. संग्रामने हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.

सदू पायरीवर होता. अंगाने वाळला होता, कपाळावर काळंनिळं टेंगूळ होतं. नखांत लाल माती असायची त्याच्या. हातांची ती माती भाकरीला लागते म्हणून आई रोज ओरडायची. आता नखं पांढरी स्वच्छ होती. ती बघून वस्तादांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

“सदू, ऊठ बाळा.”

सदूने मान वर केली. वस्तादांकडे पाहिलं. मग संग्रामकडे पाहिलं आणि मान पुन्हा खाली घातली.

“तू म्हण,” वस्ताद म्हणाले.

“ऊठ, सदू.”

सदू हलला नाही.

“ऊठ की रं... सदू, ऊठ.” तिसऱ्यांदा म्हणताना संग्रामचा आवाज चिरकला. “उठत न्हाई, वस्ताद. आता काय करू?”

वस्तादांनी काठीने सदूच्या समोरची जमीन दाखवली.

“बस.”

संग्राम मांडी घालायला लागला, तशी काठी त्याच्या पोटरीवर बसली.

“बैठक.”

संग्राम बैठकीत गेला. एका दमात हजार मारणारा गडी, पहिली काही मिनिटं त्याला काहीच वाटलं नाही. ऊन पायरीवरून सरकलं. पोटऱ्या भरून आल्या. मग मांड्या थरथरायला लागल्या, घाम नाकावरून जमिनीवर टपकायला लागला. आतली पोरं मेहनत थांबवून दारात गोळा झाली. कुणी हसलं नाही.

सदू त्या थरथरणाऱ्या मांड्यांकडे एकटक बघत होता. त्याचे ओठ मिटलेलेच होते.

“वस्ताद...” संग्राम रडकुंडीला आला. “ऊठ म्हना की.”

“म्या न्हाई,” वस्ताद म्हणाले. “त्यो म्हणंल. तवर बस.”